हेल्मेट ट्रकसाठी नसते, पडण्यासाठी असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायकलस्वारांनी हेल्मेट घालावे की नाही, यावर आपल्या वाचकांच्या सदरात सध्या चांगलीच जुंपली आहे. एका पत्रलेखकाचे म्हणणे, सक्ती करा आणि दंड लावा, त्याशिवाय लोक ऐकायचे नाहीत. दुसऱ्यांचे म्हणणे, ट्रकने उडवल्यावर ते मूठभर थर्माकोल काय कामाचे? दोन्ही पत्रे मी नीट वाचली. मते उलट असली तरी दोघांच्या डोळ्यांसमोर चित्र एकच आहे, मागून भरधाव येणाऱ्या वाहनाचे. या चित्रामुळेच आपली सगळी चर्चा भलत्या दिशेला जाते, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. डोक्याला मार लागलेली माणसे ऑपरेशन, आयसीयू, वॉर्ड असे सगळे पार करून घरी जायच्या बेतात आली की आमच्याकडे येतात. आंघोळ करणे, कपडे घालणे, सही करणे, सुट्ट्या पैशांचा हिशेब जमवणे, रस्ता ओलांडणे, जे जे माणूस एरवी विचार न करता करतो ते पुन्हा शिकवणे हे आमचे काम. कामावर मी सायकलनेच जाते आणि हेल्मेट घालून जाते.

सायकलवरून पडून आलेल्या पेशंटला किंवा त्याच्या घरच्यांना मी नेमके काय झाले ते नेहमी विचारते. त्यात मोटारगाडी असते, नाही असे नाही. पण कितीतरी हकिकतींमध्ये दुसरे वाहनच नसते. रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून पुढचे चाक घसरले. पावसात रंगवलेल्या पट्ट्यावर ब्रेक दाबला. हँडलला अडकवलेली पिशवी पुढच्या चाकात गेली. कुत्रे आडवे आले. चेन उतरली म्हणून खाली बघायला गेले आणि तोल गेला. चढावर थांबताना पाय जमिनीला टेकलाच नाही. अशा पडण्यात वेग फारसा नसतो, आवाज होत नाही, बातमी होत नाही. आजूबाजूचे लोक उठवतात, पाणी देतात, माणूस ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणतो आणि संध्याकाळी उलट्या सुरू होतात.

हेल्मेट बनवले जाते ते या पडण्यासाठी. हे माझे मत नाही, ते ज्या चाचणीतून पास होऊन बाजारात येते त्या चाचणीतच हे लिहिलेले आहे. सायकलवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर किंवा थोडे वरच असते. दीड मीटरवरून कोणतीही वस्तू सुटली की जमिनीवर आदळताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर झालेला असतो. सायकल जागेवर उभी असली तरी. युरोपात सायकलच्या हेल्मेटसाठी ईएन १०७८ नावाचे मानक आहे. त्यात हेल्मेटमध्ये डोक्याच्या आकाराचा, वजनाचा साचा बसवतात आणि सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आदळवतात. आकडा जुळतो तो योगायोगाने नव्हे. रस्त्याच्या कडेच्या दगडासारखी धार असलेल्या ऐरणीवरही, जरा कमी वेगाने, आदळवून बघतात. आतल्या साच्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींपेक्षा जास्त भरला तर हेल्मेट नापास. अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेले मानक सपाट ऐरणीसाठी दोन मीटर उंची धरते आणि मर्यादा ३०० पट ठेवते. दोन्हीकडे कल्पना एकच आहे, माणूस सायकलवरून पडला आणि डोके जमिनीवर आपटले.

आत जो पांढरा फोम असतो तो खरोखरच नव्या टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, पण जास्त घट्ट. त्याचे काम कठीण असणे नव्हे, चिरडणे आहे. डोके उघडे असेल आणि ते समजा अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरात थांबले, तर साध्या हिशेबाने झटका गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट येतो. फोम चिरडत गेला आणि तेच थांबणे दोन सेंटिमीटरवर पसरले, तर झटका ७५ पटींवर येतो. अंतर चौपट, मार पाव. सगळे हेल्मेट या दीड सेंटिमीटरच्या फरकासाठी आहे. आणि वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते, म्हणून ताशी साठच्या ट्रकचा मार या फोमने जिरत नाही, हेही त्याच हिशेबातून निघते. दुसऱ्या पत्रलेखकांचे हे म्हणणे बरोबर आहे. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. छत्रीने पूर अडत नाही म्हणून पावसात कोणी छत्री घरी ठेवत नाही.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ताशी पंचवीसच्या वेगाने जाणारा सायकलस्वार पडला तर डोके जमिनीवर पंचवीसच्या वेगाने आपटते असे नाही. पुढे जाण्याचा वेग बराचसा घसरण्यात, खरचटण्यात जातो. खाली आपटण्याचा वेग मुख्यतः उंचीवर ठरतो. म्हणून मोटारीने नुसता बाजूने धक्का दिला आणि माणूस रस्त्यावर पडला, तर त्या अपघातातही हेल्मेटला करण्यासारखे काम उरते. भिंतीवर किंवा गाडीच्या पुढच्या काचेवर थेट आदळणे ही वेगळी गोष्ट.

आकडे बाजूला ठेवून आता मी जे रोज पाहते ते सांगते. ही एकाच माणसाची हकिकत नाही. ओळख पटू नये म्हणून दोघातिघांचे मिळून लिहिते आहे. हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेला माणूस. सायकलवरून अगदी हळू जाताना पडला, डोक्याची मागची बाजू आपटली. महिन्याभराने माझ्यासमोर बसतो तेव्हा दिसायला अगदी धडधाकट. तेराचा पाढा विचारा, घडाघडा म्हणतो. मग मी शर्ट हातात देते. तो एका बाहीत हात घालतो, थांबतो, दुसरा हात त्याच बाहीत घालायला बघतो. बटणे लावायला वरून सुरुवात करतो, तिसऱ्या बटणाशी आल्यावर काढायला लागतो. आपण लावत होतो की काढत होतो, हे त्याच्या हातून निसटलेले असते. मी घाई करत नाही, फक्त ‘आता पुढे काय?’ एवढेच विचारते. तो माझ्याकडे बघतो आणि त्याचे डोळे भरून येतात, कारण आपल्याला काय येत नाही हे त्याला पुरते कळत असते. बायको बाहेर बाकावर बसलेली असते. ती मला दाराशी गाठून हळूच विचारते, ‘हे इतके चिडके कधीच नव्हते हो. हे जाईल ना?’

त्याला वास येत नाही, हेही बायकोच्याच लक्षात आलेले असते. वासाचे बारीक मज्जातंतू नाकाच्या वरच्या हाडातल्या सूक्ष्म छिद्रांतून मेंदूत जातात. मेंदू कवटीत मोकळा, पाण्यासारख्या द्रवात असतो. कवटी जमिनीवर थांबते, मेंदू पडण्याच्या दिशेने आणखी थोडा सरकतो आणि ते तंतू तिथेच तुटतात. म्हणून मागच्या बाजूला मार लागूनही पुढच्या बाजूची इजा होते. गेलेला वास पुष्कळदा परत येत नाही. अशा माणसाला मी घरी गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवायला सांगते, कारण गॅस सुटला तर त्याला कळणार नाही. टाके सुकल्यावर, ‘बरे झालात’ असे सगळ्यांनी सांगितल्यावर या गोष्टी सुरू होतात. उजेड सहन न होणे, दोन माणसे एकदम बोलली की गोंधळणे, दुपारीच गळून जाणे. डोक्याच्या फोटोत कधीकधी यातले काहीही दिसत नाही आणि मग कामावरचे लोक, नातेवाईक त्याला आळशी ठरवतात.

या माणसांना मी हेल्मेट का घातले नाही असे कधीही विचारत नाही. पण जी माणसे अजून माझ्याकडे आलेली नाहीत त्यांना मात्र ते घाला असे कळकळीने सांगते.

पुराव्याबद्दल दोन शब्द, कारण पहिल्या पत्रलेखकांनी ८५ टक्के हा आकडा दिला आहे. तो १९८९ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल इथल्या अभ्यासातून आला आणि तेव्हापासून जगभर फिरतो आहे. इस्पितळात आलेल्या सायकलस्वारांची इतर पडलेल्यांशी तुलना करून काढलेला तो आकडा होता. त्यावर रास्त आक्षेप असा की हेल्मेट घालणारी माणसे मुळातच सांभाळून चालवणारी असू शकतात. मी तो आकडा वापरत नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी चाळीस अभ्यास आणि ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वार एकत्र घेऊन हिशेब मांडला. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे निम्म्याने आणि गंभीर इजेची जवळपास दोन तृतीयांशाने कमी दिसली. मला हा हिशेब जास्त भरवशाचा वाटतो. पंच्याऐंशीपेक्षा तो लहान आहे, पण माझ्या वॉर्डातल्या खाटांच्या हिशेबाने प्रचंड मोठा आहे.

हेल्मेट काय करत नाही, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर लोकांचा विश्वास उडतो. डोक्याला हिसका बसून येणारी गुंगी, चक्कर, विसर हे सगळे ते अडवेलच असे नाही. प्रत्यक्षात डोके सरळ खाली पडत नाही, तिरके आपटते आणि गर्रकन फिरते. त्या फिरण्याने मेंदूतले लांब तंतू ताणले जातात. वर सांगितलेल्या चाचण्या हे फिरणे मोजत नाहीत. स्वीडनमधल्या संशोधकांनी यावर हेल्मेटच्या आत किंचित सरकणारा थर बसवण्याची युक्ती काढली आणि आता बऱ्याच हेल्मेटमध्ये असा थर असतो. दोन सारख्याच बसणाऱ्या हेल्मेटमधून निवडायचे असेल तर मी असा थर असलेले घेईन. पण सैल बसणारे महागडे आणि नीट बसणारे साधे यांत नेहमी साधेच घ्यावे.

कारण खरी गफलत इथे होते. रस्त्यावर हेल्मेट घातलेले जे सायकलस्वार मी पाहते, त्यांतल्या अनेकांचे कपाळ पूर्ण उघडे असते. हेल्मेट मागे, टोपीसारखे सरकवलेले. पुढे पडलात तर कपाळच आधी टेकते. हेल्मेटची पुढची कड भुवईच्या वर दोन बोटांवर, डोक्यावर आडवी यायला हवी. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीच्या जरा खाली एकत्र यावेत. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटे जातील एवढीच जागा हवी. हेल्मेटच्या आत मागे असलेले छोटे चाक फिरवून ते आवळा, मग हनुवटीचा पट्टा न लावता मान खाली घालून डोके हलवा. हेल्मेट पडले तर मापच चुकले आहे. आणि मग पट्टा लावा. पट्टा मोकळा सोडलेले हेल्मेट डोके जमिनीला टेकायच्या आधीच उडून जाते. हनुवटीला काचतो म्हणून पट्टा न लावणाऱ्यांना माझी विनंती आहे की बक्कल जरा बाजूला सरकवून पाहा, मऊ कापडाची पट्टी गुंडाळा, पण लावा.

एकदा जोरात आपटलेले हेल्मेट टाकून द्यायचे. बाहेरून ते चांगले दिसते, एखादा ओरखडा असतो. आमच्या विभागात असे एक हेल्मेट ठेवले आहे, बाहेरचे कवच एका बाजूने कापून काढलेले. कवचावर नाण्याएवढी खूण आहे आणि तिच्याखाली फोम बोटभर जागेत दबून काचेसारखा चकचकीत झाला आहे, शेजारी केसाएवढी भेग आतपर्यंत गेली आहे. दबलेला फोम परत फुगत नाही. पुढच्या वेळी त्या जागी चिरडायला काही शिल्लकच नसते. पेशंटच्या हातात मी ते देते तेव्हा बहुतेक जण त्या दबलेल्या जागेवरून अंगठा फिरवतात आणि थोडा वेळ काही बोलत नाहीत.

लहान मुलांच्या पालकांसाठी एक सूचना फारशी कोणी देत नाही. सायकलवरून उतरून मूल घसरगुंडीवर किंवा चढायच्या शिडीवर जाणार असेल तर हेल्मेट आधी काढा. हेल्मेट फटीत अडकून पट्ट्याने गळफास बसल्याच्या दुर्दैवी घटना घडल्या आहेत. त्यामुळेच युरोपात लहान मुलांसाठी ईएन १०८० हे वेगळे मानक आहे, त्यात ठरावीक ताण आला की बक्कल आपोआप सुटते. आणि वाढत्या अंगाचे म्हणून मोठ्या मापाचे हेल्मेट मुलाला घेऊ नका. कपड्यांच्या बाबतीत तो शहाणपणा चालतो, इथे नाही.

‘मला सायकल उत्तम चालवता येते’ असे म्हणणाऱ्यांनी शर्यतींचा इतिहास पाहावा. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे करायचा प्रयत्न केला, तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीत खुद्द खेळाडूंनीच विरोध केला आणि सक्ती मागे घेतली गेली. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये फाबिओ कासार्तेली हा इटालियन ऑलिम्पिक विजेता घाटाच्या उतारावर पडून मरण पावला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. असते तर वाचला असता का, यावर डॉक्टरांचे एकमत झाले नाही. २००३ च्या मार्चमध्ये त्याच पॅरिस-नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह दुसऱ्या खेळाडूंना अडकून पडला आणि डोक्याच्या माराने दुसऱ्या दिवशी गेला. त्याच वर्षी सक्ती आली. आज त्या शर्यतींत उघडे डोके दिसत नाही. जगात ज्यांच्याइतका तोल कोणाला सांभाळता येत नाही, ती ही माणसे.

मग रस्त्यावर सक्ती का नको, असा प्रश्न येईल. शर्यत, शाळेची सहल, क्लबची मोहीम इथे आयोजकांनी हेल्मेटशिवाय सोडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. रोज कामाला, दळणाला, शाळेला जाणाऱ्या माणसाला दंड करायला मात्र माझा विरोध आहे. तो स्वातंत्र्याच्या तत्त्वावरून नाही, अनुभवाने जे दिसले त्यावरून आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने जगात पहिल्यांदा, १ जुलै १९९० पासून, सर्व वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. वर्षभरात वापर ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेला आणि डोक्याच्या इजाही कमी झाल्या. पण मेलबर्नमध्ये रस्त्यांवर केलेल्या मोजणीत सायकल चालवणारी मुलेही कमी दिसली, त्यातही किशोरवयीन सर्वांत जास्त. इजा कमी झाल्या त्यातला किती भाग हेल्मेटमुळे आणि किती सायकलीच घरात राहिल्यामुळे, हा वाद आजही चालू आहे. मेक्सिको सिटीने सार्वजनिक सायकली सुरू करताना २०१० मध्ये सक्ती उठवली. सिएटलमध्ये, जिथून तो ८५ टक्क्यांचा आकडा आला, तिथेच २०२२ मध्ये सक्तीचा नियम रद्द झाला, कारण दंडाच्या पावत्या बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांच्या हातात जास्त पडत होत्या. ज्याच्याकडे सायकलशिवाय दुसरे वाहनच नाही त्याला थांबवून पावती फाडणे सगळ्यात सोपे असते. माझ्या अनेक पेशंटची चालण्याची ताकद, मधुमेह, मनाची उभारी सायकलनेच सावरते. दंडाच्या धाकाने माणूस सायकल सोडणार असेल तर मला ते नको आहे.

दंडाशिवाय लोक ऐकत नाहीत, हेही खरे नाही. डेन्मार्कमध्ये मोठ्यांना सक्ती नाही. २००४ च्या सुमारास तिथे शहरांतल्या शंभरात जेमतेम सहा सायकलस्वार हेल्मेट घालत, आता जवळपास निम्मे घालतात. शाळा, डॉक्टर, सततचा प्रचार आणि मुलांपासून सुरुवात, एवढ्यावर हे झाले. वेळ लागला, पण दंडाशिवाय झाले.

आणि नेदरलँड्स? तिथे फार थोडे लोक हेल्मेट घालतात तरी रस्ते सायकलला सुरक्षित, हे उदाहरण हमखास येते आणि ते खरे आहे. पण ते आपोआप झाले नाही. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली. तेलाची टंचाई आली. मग वेगळ्या सायकलवाटा, वस्त्यांत गाड्यांचा वेग कमी, सायकलस्वाराशी टक्कर झाल्यास मोटारचालकावर मोठी जबाबदारी, असे वर्षानुवर्षे होत गेले. ट्रकच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. ते थर्माकोलमध्ये शोधायचेच नाही. आणि त्याच देशात आज, वयस्कर लोक बॅटरीच्या वेगवान सायकलींवरून पडू लागल्यावर, डॉक्टर हेल्मेट घाला म्हणून सांगू लागले आहेत. ट्रक दूर केला तरी जमीन तिथेच असते.

इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ इयान वॉकर यांचा २००६ मधला प्रयोग दुसऱ्या पत्रात आला आहे. सायकलवर अंतर मोजणारे यंत्र लावून त्यांनी कधी हेल्मेट घालून, कधी न घालता सायकल चालवली आणि हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या. नंतर इतर संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून या निष्कर्षावर आक्षेप घेतले. समजा तो तंतोतंत बरोबर धरला, तरी त्यातून निघते ते एवढेच की सायकलला ओलांडताना किती अंतर सोडायचे याचा नियम हवा आणि तो चालकांकडून पाळून घ्यायला हवा. चालकाच्या वागण्याची किंमत मी माझ्या कवटीने का मोजावी?

शेवटी आपल्याकडे, संपादक म्हणून, एक मागणे आहे. सायकलस्वाराच्या अपघाताच्या बातमीत ‘त्याने हेल्मेट घातले नव्हते’ हे वाक्य हमखास येते. मृत्यू छातीवरून किंवा कमरेवरून चाक गेल्याने झाला असेल तरी येते. ते वाक्य वाचणाऱ्या घरच्यांची मी पुष्कळदा समजूत घातली आहे. आपण सांगितले असते तर, आपण आणून दिले असते तर, असे बोल आई स्वतःला वर्षानुवर्षे लावत राहते, जिथे हेल्मेटचा संबंधच नव्हता. आणि वाचकाला मात्र वाटते की दोष कोणाचा ते कळले. गाडीचा वेग किती होता, वळणावर दिसत होते का, सायकलला जागा होती का, रस्त्यावरचे दिवे चालू होते का, हे प्रश्न मग कोणी विचारत नाही.

मार डोक्याला असेल आणि डॉक्टरांनी तसे सांगितले असेल, तेव्हा हेल्मेटचा उल्लेख जरूर करा, हेल्मेट होते आणि माणूस वाचला तर तोही ठळक करा. नाहीतर ते वाक्य गाळा आणि त्या जागी मार कुठे लागला, कशाने लागला, हे छापा. आपल्या वार्ताहरांना अशा इजांविषयी काही विचारायचे असेल तर आमच्या विभागातले सहकारी आणि मी आनंदाने वेळ देऊ. ते कापलेले हेल्मेटही त्यांना हातात घेऊन पाहता येईल.

कळावे,
आपली,
एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट